रागाची जोडणी : चरणजित सिंग यांची ध्वनिमुद्रिका आणि छोट्या सिंथेसायझरमधील फेरबदल

प्रस्तावना

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात ज्या कामाला ‘इंटरफेस’ जुळवणे असे म्हटले जाते, ते तत्त्वतः साधे आहे. वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या हेतूंनी तयार झालेल्या दोन यंत्रणांमध्ये देवाणघेवाण व्हावी, यासाठी आधी एक समान नियम ठरवावा लागतो. नियम ठरला की त्यात बसणारी माहिती पुढे जाते. न बसणारी माहिती जोडणीच्या ठिकाणीच गळून पडते. अभियांत्रिकीत ही बाब गृहीत धरली जाते. संगीतसमीक्षेत मात्र तिचा विचार क्वचितच झाला आहे. हिंजवडी हे अजून शेतीचे गाव होते त्या काळात, १९८२ मध्ये, मुंबईतील एका वादकाने तीन जपानी यंत्रे एकत्र आणून दहा राग वाजविले. त्या प्रयोगाचे मूल्यमापन जोडणीच्या अंगाने करणे आणि त्या प्रकाशात छोट्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये केल्या जाणाऱ्या फेरबदलांचा अर्थ तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथमतेचा वाद आणि त्याची मर्यादा

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील अनुभवी वादक होते. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ‘एचएमव्ही’ या नाममुद्रेखाली काढली. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तीत आहेत. तबला व तानपुरा यांच्या जागी रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हा छोटा खर्ज-सिंथेसायझर आणि ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर आहे. त्या काळी या ध्वनिमुद्रिकेची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधील संग्राहक एडो बाउमन यांनी तिचे पुनःप्रकाशन केले आणि ती जगभर चर्चेचा विषय झाली. सिंग यांचे २०१५ मध्ये निधन झाले.

या चर्चेचा केंद्रबिंदू प्रथमतेचा आहे. शिकागो येथील ‘फ्यूचर’ या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यापासून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार मानला जाऊ लागला. तिच्यातही टीबी-३०३ हेच यंत्र आहे. त्यामुळे पाच वर्षे आधीच्या मुंबईतील ध्वनिमुद्रिकेला त्या प्रकाराचे जनकत्व द्यावे काय, असा प्रश्न विचारला जातो. एका यंत्राचा स्वभाव दोन शहरांत सारखाच प्रकट झाला, एवढेच या साम्यावरून सिद्ध होते. शिकागोच्या वादकांनी मुंबईचे अनुकरण केले असे त्यावरून म्हणता येत नाही. शिवाय या वादात रागाचा प्रश्न पूर्णपणे बाजूला पडतो. दहा रागांची नावे घेऊन आलेल्या ध्वनिमुद्रिकेत रागाचे काय झाले, हा प्रश्न मराठी वाचकाला अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे.

यंत्राने काय स्वीकारले

टीबी-३०३ हे यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आले आणि १९८४ मध्ये त्याची निर्मिती थांबली. सुमारे १०,००० नग तयार झाले. एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्यात एक ऑसिलेटर, एक फिल्टर आणि स्वर साठवून क्रमाने वाजविणारा सिक्वेन्सर आहे. सिक्वेन्सरच्या एका आवर्तनात जास्तीत जास्त सोळा टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर सप्तकाच्या बारा समान भागांपैकीच एखादा स्वर ठेवता येतो.

या यंत्राच्या जोडण्यांत एक लक्षणीय विषमता आहे. टीआर-८०८ कडून येणारे लयीचे स्पंद घेण्यासाठी त्यास खोबण आहे. एका चतुर्थांश मात्रेस, म्हणजे पाश्चात्त्य गणनेतील एका ठोक्यास, २४ स्पंद येतात आणि दोन्ही यंत्रे एका लयीत चालतात. स्वराचे व्होल्टेज बाहेर पाठविण्याचीही सोय आहे. मात्र बाहेरून स्वर घेण्याची सोय मूळ यंत्रात नाही. म्हणजे ते दुसऱ्याची लय मानते, दुसऱ्यास स्वर सांगते, पण दुसऱ्याचा स्वर ऐकत नाही.

आता रागाकडे पाहावे. भूपाली आणि देशकार या दोन रागांचे स्वर सारखेच आहेत : सा, रे, ग, प, ध. तरीही भूपाली रात्रीच्या पहिल्या प्रहराचा व गंधारप्रधान, तर देशकार सकाळचा व धैवतप्रधान. कोणत्या स्वरावर किती थांबावे, कोणत्या स्वराकडे कसे जावे, सप्तकाच्या कोणत्या भागात वावर ठेवावा, यावरून ते वेगळे होतात. सोळा टप्प्यांच्या सिक्वेन्सरला स्वरांची यादी कळते; हा फरक कळत नाही. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे व ती ऐकताना मींडेचा भास होतो. परंतु त्या घसरणीचा काळ कारखान्यातच ठरलेला आहे. मींड म्हणजे केवळ घसरणे नव्हे. वाटेत किती रेंगाळावे याचा निर्णय त्यात असतो, आणि तोच निर्णय येथे वादकाच्या हाती नाही.

सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेचे मर्म याच मर्यादेत सापडते. त्यांनी ताल आणि खर्ज यांची आवर्तने यंत्रांकडे सोपविली व रागाची मुख्य सुरावट ज्युपिटर-८ च्या पट्ट्यांवर स्वतः वाजविली. जे मोजता येते ते जोडणीस दिले, उरलेले हातात ठेवले. तरीही तोटा राहतोच. पहाटेचा ललित, वर्षाऋतूतील मेघ मल्हार आणि रात्रीचा मालकंस यांच्याखाली डिस्कोचा ठोका एकाच जातीचा आहे. विलंबित लयीतील बढतीस तेथे जागा नाही. म्हणून या ध्वनिमुद्रिकेस रागसंगीताचे यश म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हाताने वाजणारा राग आणि यंत्राने वाजणारा राग यांतील सीमारेषा इतक्या स्पष्टपणे ऐकू देणारी ती एक दुर्मीळ कृती आहे, आणि तिचे मोल त्यातच आहे.

फेरबदल : टीकेची एक रीत

पुढील काळात वादक व तंत्रज्ञांनी या यंत्राची पेटी उघडून त्यात बदल केले. ऑस्ट्रेलियातील रॉबिन व्हिटल यांचा १९९३ पासूनचा ‘डेव्हिल फिश’ हा फेरबदल त्यांपैकी सर्वाधिक परिचित आहे. त्यात स्वराचे व्होल्टेज बाहेरून घेण्यासाठी खोबण बसविली जाते आणि घसरणीचा काळ लांबविण्यासाठी वेगळे बटण दिले जाते. भारतीय श्रोत्यास ज्या दोन ठिकाणी हे यंत्र अपुरे वाटावे, त्याच दोन ठिकाणी ते उघडले गेले. व्हिटल यांच्यासमोर राग नव्हता. तथापि यंत्राच्या रचनेवर केलेली ही एक प्रकारची टीकाच आहे.

या खोबणीचा अर्थ आकड्यांतून स्पष्ट होतो. अशा सिंथेसायझरमध्ये एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक, आणि सप्तकाचे १२०० सेंट. तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी उतरलेला असतो. म्हणजेच सुमारे ११ मिलिव्होल्ट. व्होल्टेज सलग असल्याने ऑसिलेटर हा फरक विनातक्रार स्वीकारतो. श्रुतीस मनाई ऑसिलेटरची नव्हती, त्यापूर्वीच्या सिक्वेन्सरची होती. अर्थात तापमान बदलले की अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा स्वर सरकतो. त्यामुळे एवढा सूक्ष्म फरक टिकविण्यासाठी तंबोऱ्याप्रमाणेच तो वारंवार मिळवावा लागतो.

मात्र प्रत्येक जोडणी असे दार उघडतेच असे नाही. १९८३ मध्ये ‘मिडी’ हा सर्व उत्पादकांसाठी समान नियम प्रत्यक्षात आला आणि जुन्या यंत्रांना मिडीची खोबण बसविणे हा लोकप्रिय फेरबदल ठरला. मिडीत स्वर ० ते १२७ या पूर्णांकांनी ओळखला जातो. स्वर वाकविण्याची स्वतंत्र आज्ञा आहे व तिच्यात १६,३८४ पायऱ्या आहेत. परंतु स्वर आधी क्रमांक म्हणून येतो आणि मींड नंतर दुरुस्ती म्हणून. म्हणजे व्होल्टेजची खोबण आणि मिडीची खोबण या केवळ दोन तांत्रिक सोयी नाहीत. स्वर म्हणजे काय, याविषयीच्या त्या दोन भिन्न धारणा आहेत.

२०१० मध्ये कोर्ग कंपनीने काढलेला ‘मोनोट्रॉन’ हा तळहाताएवढा सिंथेसायझर या दृष्टीने बोलका आहे. त्यास पट्ट्यांऐवजी बोट सरकविण्याची फीत आहे, म्हणून स्वर सलग मिळतो. पण स्वर घेण्यादेण्याची खोबण नाही. कंपनीने त्याचा विद्युत आराखडा खुला केला व आतील पाटीवर जोडणीच्या जागा नमूद केल्या. परिणामी अनेक हौशी मंडळींनी तेथे तारा डाखून तो इतर उपकरणांशी जोडला. फेरबदलास निर्मात्यानेच अनुमती दिल्याचे हे उदाहरण आहे. टीबी-३०३ ची स्थिती वेगळी आहे : नग मोजके, पेटीस पाडलेले छिद्र बुजणारे नाही, आणि प्रत्येक फेरबदलागणिक मूळ अवस्थेतील एक ऐतिहासिक वस्तू कमी होते. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. आजच्या नव्या प्रतिकृती उपलब्ध असताना मूळ यंत्रास हात न लावणेच इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

आयात केलेल्या वाद्यास आपल्या स्वरासाठी उघडण्याची ही वृत्ती महाराष्ट्रास नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. न्यायखात्यातील अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने त्यांनी श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला व त्या कामी अब्दुल करीम खाँ यांचे गायन त्यांना साह्यभूत झाले. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत या वाद्यावरून वाद झाला. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला.

या इतिहासात दोन मार्ग दिसतात : वाद्य नाकारणे आणि वाद्य बदलणे. आकाशवाणीने पहिला मार्ग स्वीकारला, देवलांनी दुसरा. सिंग यांचा मार्ग तिसरा म्हणावा लागेल. त्यांनी यंत्र नाकारले नाही आणि बदललेही नाही. ते जेथे थांबते तेथून पुढे स्वतः वाजविले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, इलेक्ट्रॉनिक वाद्यावरील रागाचे परीक्षण करताना केवळ स्वरांची शुद्धता किंवा प्रयोगाची प्रथमता पाहणे पुरेसे नाही. दोन यंत्रांमधील तारेतून काय गेले व काय गेले नाही, हेही तपासले पाहिजे. यासाठी संगीतशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स या दोन विभागांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. हिंजवडीसारख्या ठिकाणी जोडणीचे नियम रोज लिहिले जातात आणि त्याच पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवास श्रोते आवर्जून जातात. महाविद्यालयांनी या दोहोंमध्ये अभ्यासाचा दुवा निर्माण केला, तर पुढील नियम लिहिताना गंधाराच्या अकरा मिलिव्होल्टचाही विचार होऊ शकेल.