कॅमेरा निवडताना छिद्राचा व्यास विचारा

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी किंवा निसर्ग मंडळासाठी कॅमेरा घ्यायचे ठरले, की प्रश्न बहुधा एकाच रूपात पुढे येतो. जुना, वापरलेला डीएसएलआर घ्यावा, की नवाकोरा छोटा कॅमेरा? पैसे एकदाच मिळणार असतात. निवड चुकली तर वस्तू कपाटात कुलूपबंद होते आणि पुढची दहा वर्षे दुसरी मागता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार जाहिरातीच्या भाषेत न करता भौतिकशास्त्राच्या भाषेत करणे इष्ट आहे.

हल्ली फोन प्रत्येक शिक्षकाच्या खिशात असतो आणि भर दिवसाचे, जवळचे चित्र तो चांगले काढतो. तेव्हा वेगळ्या कॅमेऱ्याकडून अपेक्षा ठेवायची ती फोनला न जमणाऱ्या कामाची. अशी कामे कोणती हे ठरवण्यासाठी आम्ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. दौंडच्या पूर्व टोकाशी उजनी धरणाचे पाणी पोहोचते आणि लगतच्या इंदापूर तालुक्यातील भिगवणप्रमाणेच तेथेही हिवाळ्यात पाणपक्षी येतात. शिरूर तालुक्यात टाकळी हाजीजवळ कुकडी नदीने बेसाल्ट खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. शिवाय गावाबाहेर अजून बऱ्यापैकी काळोखे आकाश दोन्हीकडे मिळू शकते. दूरचा पक्षी, खोल खळगा आणि रात्रीचा तारा, या झाल्या तीन कसोट्या.

दोन नमुने

चर्चा मोघम राहू नये म्हणून दोन प्रत्यक्ष कॅमेरे घेऊ. जुन्यांपैकी निकॉन डी-९०. हा २००८ साली बाजारात आला. त्यात सुमारे १.२३ कोटी पिक्सेल आहेत आणि त्याचा संवेदक २३.६ बाय १५.८ मिलिमीटरचा आहे. त्याबरोबर मिळणाऱ्या भिंगाचे नाभीय अंतर १८ ते १०५ मिलिमीटर बदलते. छोट्यांपैकी कॅनन पॉवरशॉट एसएक्स-७४० एचएस. हा २०१८ चा. त्यात २.०३ कोटी पिक्सेल, ४.३ ते १७२ मिलिमीटरचे भिंग आणि ४० पट झूम आहे. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. डी-९० चा नुसता सांगाडाच याच्या दुपटीहून जड आहे.

कागदावर पाहिले तर नवा कॅमेरा सर्वच बाबतींत सरस वाटेल. पण जाहिरातीतील तीन आकडे नीट तपासायला हवेत.

पहिला आकडा झूमचा. ४० पट म्हणजे १७२ भागिले ४.३. हे केवळ भिंगाच्या दोन टोकांचे गुणोत्तर आहे. पक्षी किती जवळ येईल हे त्यावरून कळत नाही. ७० ते ३०० मिलिमीटरच्या भिंगाचे झूम जेमतेम सव्वाचार पट भरते, तरी ते दूरवर पाहू शकते.

दुसरा आकडा संवेदकाचा. तो १/२.३ इंच असा सांगतात. गणिताने हे ११ मिलिमीटर होतात, पण प्रत्यक्षात या संवेदकाचा कर्ण सुमारे ७.७ मिलिमीटर असतो. जुन्या दूरदर्शन कॅमेऱ्यातील काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास सांगण्याची जी पद्धत होती, तिचा हा वारसा आहे. खरे माप सुमारे ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात डी-९० च्या संवेदकाच्या तेराव्या हिश्श्याएवढे.

तिसरा आकडा पिक्सेलचा. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

छिद्र मोजा

जाहिरातीत क्वचितच सांगितला जाणारा, पण सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे प्रकाश ज्यातून आत येतो त्या छिद्राचा व्यास. तो काढणे सोपे आहे. भिंगाच्या कड्यावर नाभीय अंतर आणि एफ-अंक छापलेला असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागले की व्यास मिळतो.

आधी रुंद दृश्याचे टोक पाहू. डी-९० च्या भिंगावर १८ मिलिमीटरला एफ/३.५ आहे. १८ भागिले ३.५ म्हणजे ५.१ मिलिमीटर. छोट्या कॅमेऱ्यावर ४.३ मिलिमीटरला एफ/३.३ आहे, म्हणजे १.३ मिलिमीटर. दोन्ही छिद्रांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १५ च्या पुढे जाते. जवळजवळ तेच दृश्य, तेवढाच वेळ, पण जुना कॅमेरा सुमारे पंधरापट प्रकाश गोळा करतो.

याचा परिणाम चित्रातील रवाळपणावर होतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांची मोजणी नाणेफेकीसारखी हेलकावते. कण पंधरापट झाले की सापेक्ष हेलकावा १५ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास चौपट, कमी होतो. अंधुक प्रकाशातील चित्र स्वच्छ का येते, याचे मुख्य कारण हे आहे.

आता दूरचे टोक पाहू. डी-९० वर १०५ मिलिमीटरला एफ/५.६ आहे, म्हणजे व्यास १८.८ मिलिमीटर. छोट्यावर १७२ मिलिमीटरला एफ/६.९, म्हणजे २४.९ मिलिमीटर. येथे पारडे फिरले! दूरच्या एका पक्ष्याकडून येणारा प्रकाश छोटा कॅमेराच अधिक गोळा करतो, तोही पावणेदोन पट. ‘मोठा संवेदक म्हणजे अधिक प्रकाश’ हे सरसकट विधान म्हणूनच अपुरे आहे. संवेदक कितीही मोठा असला तरी छिद्रातून आत न आलेला प्रकाश तो टिपू शकत नाही.

पाण्याकाठी

उजनीच्या पाण्यात १०० मीटरवर एक मोठा रोहित उभा आहे असे समजा. त्याची उंची १.३ मीटर धरू. डी-९० च्या १०५ मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा सुमारे १.३७ मिलिमीटर उंचीची पडते. एक पिक्सेल ५.५ मायक्रोमीटरचा असल्याने पक्ष्याला मिळाले सुमारे २५० पिक्सेल. छोट्या कॅमेऱ्यात प्रतिमा २.२ मिलिमीटरची आणि पिक्सेल जेमतेम १.२ मायक्रोमीटरचा, म्हणून पक्ष्याला जवळपास १,९०० पिक्सेल मिळतात. छोट्याने बाजी साडेसात पटींनी मारली असे वाटेल.

येथे तिसरा आकडा तपासायची वेळ येते. प्रकाश तरंगरूप असल्याने लहान छिद्रातून जाताना तो पसरतो. या विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची चकती होते. एफ/६.९ ला हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास सुमारे ९ मायक्रोमीटर येतो, म्हणजे एकेक चकती आठ-आठ पिक्सेल रुंद. पिक्सेल कितीही बारीक केले तरी चकती लहान होत नाही. या टोकाला २.०३ कोटी पिक्सेलपैकी खरोखर वेगळे ओळखू येतील असे ठिपके ठोकळ हिशेबाने १३ लाखांच्या आसपास उरतात. बाकीच्यांनी फाइल जड होते, माहिती वाढत नाही.

तरीही न्याय द्यायला हवा. १०० मीटरवर छोटा कॅमेरा पावणेतीन मिलिमीटरचा तपशील सैद्धांतिकदृष्ट्या वेगळा दाखवू शकतो, तर डी-९० ला सोबतच्या भिंगातून १० मिलिमीटरच्या खाली उतरता येत नाही. रोहित आणि चित्रबलाक यांतला फरक दोघेही दाखवतील, पण चिखलात फिरणाऱ्या तुतवाराची बारीक चोच डी-९० च्या चित्रात हरवेल. सोबतच्या भिंगापुरतेच बोलायचे तर पाणपक्ष्यांसाठी छोटा कॅमेरा निःसंशय चांगला.

डी-९० चे भिंग मात्र बदलता येते. एफ/५.६ चे ३०० मिलिमीटरचे जुने झूम भिंग मिळाले, तर छिद्र ५३.६ मिलिमीटरचे होते. तपशील पावणेचार मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि प्रकाश छोट्याच्या साडेचार पटींहून अधिक येतो. पक्षी पाहायची उत्तम वेळ पहाटेची. उन्हे चढली की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रे सारखीच बिघडतात. पहाटे प्रकाश थोडा असतो आणि तेव्हाच हे मोठे छिद्र उपयोगी पडते.

खळग्याच्या तळाशी

रांजणखळग्यांची अडचण निराळी आहे. वर लख्ख ऊन आणि आत काळ्या खडकाची सावली. भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी खडक घासला जाऊन खळगा खोल होत जातो. ही क्रिया मुलांना समजावयाची तर आतली गुळगुळीत भिंत आणि तळाशी उरलेले गोटे चित्रात दिसले पाहिजेत.

डी-९० मध्ये संवेदकाची मूळ नोंद, जिला ‘रॉ’ म्हणतात, जपून ठेवता येते. तीत प्रत्येक पिक्सेलला ४,०९६ पायऱ्या असतात. नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. त्यामुळे मूळ नोंदीतून सावलीतील तपशील नंतर उजळता येतो. एसएक्स-७४० फक्त जेपेग देतो. चित्र किती गुळगुळीत करायचे, कडा किती धारदार करायच्या हे त्याने आधीच ठरवलेले असते. लग्नाच्या फोटोत त्याचे काही बिघडत नाही, पण विज्ञानात चित्र हा पुरावा असतो. खडकाची भिंत पाण्याने गुळगुळीत केली की कॅमेऱ्याने, हा प्रश्न मुलाने विचारला तर उत्तर देता आले पाहिजे.

येथेही छोट्याची बाजू सांगायला हवी. लहान नाभीय अंतरामुळे त्याच्या चित्रात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते. काही सेंटिमीटरवरून कीटक किंवा ज्वारीचे फूल टिपणेही त्याला जमते. डी-९० चे सोबतचे भिंग ४५ सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाही.

उपकरण म्हणून पाहता

डी-९० चे भिंग काढले की आतला तिरपा आरसा मुलांना दिसतो. वर काचेचा पंचकोनी लोलक असतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, पडदा सरकतो. परावर्तन आणि नाभी हे पुस्तकातले शब्द हातात घेता येतात. (आरशाला बोट लावू नये, भिंग धुळीत काढू नये आणि त्याच्या नेत्रिकेतून सूर्याकडे कदापि पाहू नये.) छोटा कॅमेरा ही बंद पेटी आहे. त्याला नेत्रिका नसल्याने उन्हात पडद्यावरचे दिसणे कठीण होते आणि आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगातून धूळ आत गेली तर ती घरच्या घरी काढता येत नाही. आपल्या कोरड्या तालुक्यांत ही बाब किरकोळ नाही.

जुन्याचे दोषही थोडे नाहीत. डी-९० चा पडदा एक लाख उघडझापींसाठी तपासलेला होता, तेव्हा आधी किती झाल्या हे विचारावे. आकाशाचे चित्र एफ/१६ ला काढून काळे ठिपके दिसतात का पाहावे. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे तपासावे. बॅटरी थकलेली असू शकते. ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड तो स्वीकारत नाही. चलच्चित्राच्या बाबतीत तर तो नव्याच्या जवळपासही येत नाही.

आमचा निवाडा

शाळा पाण्याकाठी असेल, काम मुख्यतः पक्ष्यांच्या नोंदीचे असेल आणि कॅमेरा रोज वेगवेगळ्या हातांत जाणार असेल, तर छोटा कॅमेरा घ्यावा. तो वापरला जाईल, हाच त्याचा मोठा गुण. मात्र एक शिक्षक तरी शिकायला तयार असेल आणि कॅमेरा मोजमापाचे साधन म्हणून वापरायचा असेल, तर जुना डीएसएलआर घ्यावा, पण लांब भिंगासह. केवळ सोबतच्या भिंगावर तो घेऊन पक्ष्यांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ‘डीएसएलआर’ या नावाच्या रुबाबासाठी तर तो मुळीच घेऊ नये.

मोजमाप म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. तो शिरूर आणि दौंड येथील शाळांनी मिळून करण्याजोगा प्रयोग आहे. कॅमेरा तिपाईवर उत्तरेकडे रोखावा. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने भिंगाच्या उंचीची खूण दहा मीटरवरच्या खांबावर करावी आणि ती चित्रात येऊ द्यावी. मग कॅमेरा न हलवता, दर दहा मिनिटांनी ३० सेकंदांचे एक चित्र, असे दोन तास करावे. आकाश तासाला १५ अंश फिरते, तेव्हा प्रत्येक तारा वर्तुळाच्या कंसावर सरकलेला दिसेल. कंसाच्या दोन जीवांचे लंबदुभाजक काढले की केंद्र मिळते. तोच खगोलीय ध्रुव. खुणेपासून त्याची कोनात्मक उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. कोनाचे माप बसवण्यासाठी ठरावीक अंतरावरच्या मीटरपट्टीचे एक चित्र आधी काढून ठेवावे.

शिरूरचा अक्षांश सुमारे १८.८ अंश आणि दौंडचा १८.५ अंश. फरक एक तृतीयांश अंशाच्या आसपास आहे आणि १८ मिलिमीटरच्या भिंगातून तो चित्रात २० पिक्सेलएवढा होतो. एवढा फरक पकडण्यासाठी हात जपून चालवावा लागेल, पण तो पकडता येतो. दोन गावांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४० किलोमीटर धरले, तर त्या २० पिक्सेलवरून मुले पृथ्वीचा परीघ काढू शकतील. तेव्हा दुकानात किंवा जुन्या मालकाकडे गेल्यावर पिक्सेल किती हे शेवटी विचारावे. आधी भिंगाच्या कड्यावरचे दोन आकडे वाचावेत आणि भागाकार करावा.