कारकुनाचा वारस

मराठी कथेने कारकुनाचे जेवढे लाड केले, तेवढे तिने राजेरजवाड्यांचेही केले नसतील. त्याची छत्री, त्याचा जेवणाचा डबा, साहेबाची बोलणी, महिनाअखेरची उधारी, या साऱ्याला आमच्या लेखकांनी छापील अक्षरांत जागा दिली. नवकथेने, आणि त्यातही गंगाधर गाडगीळांनी, या माणसाच्या मनातली किरकिरसुद्धा कथेचा विषय होऊ शकते हे पटवून दिले. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ'ने १९५८ साली त्याला हसत हसत जवळ घेतले, तर भाऊ पाध्यांनी 'वैतागवाडी'त मुंबईत जागा शोधताना होणारी माणसाची दमछाक मुळीच गोड न करता मांडली. रोजचा वैताग ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, एवढे तरी आमच्या वाङ्मयाला तेव्हा कळले होते.

नागपूरकराला हा कारकून परका नाही. १९५६पर्यंत आमचे शहर आधी मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्यप्रदेशची राजधानी होते. सेक्रेटरिएट, महालेखापालांची कचेरी, रेल्वे, टपाल यांच्या पगारावर इथल्या अनेक पेठा उभ्या राहिल्या. माझे वडील अशाच एका कचेरीत होते. संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला लावता लावता ते दिवसाची हकीकत सांगत. कोणाचे बिल अडले, कोणाची बदली झाली, साहेब कोणावर गरजले. आईला त्या कचेरीतली सगळी माणसे न पाहताच ठाऊक होती. फाईल म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

त्या पिढीने मुलांना इंजिनीअर केले. १९६० साली इथे विश्वेश्वरय्या कॉलेज निघाले, पुढे इतर निघाली. आता नातवंडे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मिहानमध्ये कंपन्या आल्या, काहींना घरचे जेवण जेवून नोकरी करता येते. पण बरीच पोट्टी अजून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जातात, नाहीतर बंगळूर गाठतात. दिवाळीत तीच बस त्यांना परत आणते. या अंकाची पाने चाळली जात असतील तेव्हा पुष्कळ घरांत, फराळाच्या ताटाशेजारी, असा एखादा लॅपटॉप उघडा असेल.

माझा प्रश्न साधा आहे. कारकुनाच्या या वारसाला आमच्या वाङ्मयात काय मिळाले?

धंदा नवा आहे, ही सबब चालणार नाही. टीसीएस १९६८ साली मुंबईत निघाली आणि इन्फोसिसचा जन्म १९८१ साली पुण्यात झाला. म्हणजे हा धंदा 'कोसला'च्या मागोमाग आमच्याच अंगणात वाढला. तरी त्याच्या वाट्याला आले ते तीन साचे. पहिला चित्रवाणीवरच्या मालिकेतला : गळ्यात पट्टा, हातात कॉफी, आणि कचेरीत कोणी काम करीत असल्याचे आढळत नाही. दुसरा विनोदी लेखकाचा : हा मुलगा डॉलरमध्ये विचार करतो, त्याला वरणफोडणी येत नाही आणि आईला तो 'मॉम' म्हणतो. तिसरा यशाचा. अच्युत गोडबोले यांचे 'मुसाफिर' हे आत्मचरित्र मी आवडीने वाचले. सोलापूरहून आयआयटी आणि तिथून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शिखरापर्यंतचा तो प्रवास सच्चा आहे. पण तो शिखरावर पोहोचलेल्याचा प्रवास आहे. पाचव्या मजल्यावर, खिडकीपासून चार खुर्च्या आत बसलेल्या पोराचे काय?

त्याला कसला त्रास, असे लगेच विचारले जाते. वडिलांच्या शेवटच्या पगाराहून त्याचा पहिला पगार मोठा! या एका वाक्याने आम्ही त्याचे तोंड बंद करतो, आणि मला वाटते लेखकाचीही लेखणी तिथेच अडते. दुःखाची मोजदाद आम्ही पगारपत्रकावरून करू लागलो आहो. गाडगीळांनी ही मोजपट्टी वापरली असती तर त्यांच्या निम्म्या कथा जन्मालाच आल्या नसत्या.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. (कंपनीचे नाव सांगत नाही, सगळ्यांची तऱ्हा एकच.) घर वाकडला, कचेरी हाकेच्या अंतरावर, आणि तेवढ्याला संध्याकाळी तासभर. जागेचे भाडे, अनामत रक्कम, 'एकट्या मुलांना देत नाही' म्हणणारे घरमालक, उन्हाळ्यात टँकरचे पाणी. नोकरी सोडायची तर तीन महिन्यांची नोटीस; आणि नवी कंपनी म्हणणार की महिन्याच्या आत या. हे सारे मला ऐकून माहीत होते. खरे काम मात्र पाहिले ते २०२०मध्ये. मार्चमध्ये टाळेबंदी लागण्याच्या दोनच दिवस आधी तो नागपूरला येऊन पोहोचला आणि वर्षभर राहिला. बहीण वरच्या मजल्यावर राहते, आम्ही खाली. वर इंटरनेट नीट मिळेना म्हणून आमच्या बैठकीच्या खोलीत, आईच्या पलंगासमोर, त्याची कचेरी भरू लागली.

रोज सकाळी तो कानाला यंत्र लावून काल काय केले आणि आज काय करणार हे सांगे. अमेरिका जागी झाली की, म्हणजे आमची जेवणे आटोपताना, दुसरी बैठक. पंधरा दिवस आम्ही कोणी काही विचारले नाही. मग एकदा तीन रात्री तो झोपलाच नाही. चौथ्या दिवशी माझ्या आईने विचारले, "काय रे, एवढं काय बिघडलंय?" तो म्हणाला, "काही नाही आजी, एक बग होता." ती म्हणाली, "मराठीत सांग ना बे."

आणि त्याने सांगितले. आपण तारीख लिहितो ती आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. दोन यंत्रे एकमेकांशी बोलताना कोणीतरी हे विसरले. त्यामुळे चार मार्चची पावती तीन एप्रिलच्या खात्यात पडली. यंत्राला त्यात काही गैर वाटले नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत ही चूक मुकाट्याने चालू राहते. तेरा तारीख उजाडली की सगळे अडते, कारण तेरावा महिना नसतो.

"म्हणजे दुष्काळात तेरावा महिना," आई म्हणाली, आणि दोघेही हसू लागली.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला जे पाच मिनिटांत कळले, ते आमच्या कथाकारांना का साधू नये? तांत्रिक शब्दांची भीती हे कारण मला लटके वाटते. मर्ढेकरांनी यंत्रयुगाचे इंग्रजी शब्द कवितेत आणले तेव्हा केवढा गहजब झाला. आज तीच कविता आम्ही वर्गात शिकवतो. अडचण शब्दांची नाही, अडचण चौकशी न करण्याची आहे. लेखक मुलाला पगार विचारतो, लग्नाचे विचारतो, परदेशाचे विचारतो. दिवसभर तू काय केलेस हे विचारीत नाही. या धंद्यात शेकड्यांनी मुली आहेत. त्यांच्याविषयी तर विचारपूस रात्री उशिरा कॅबने कशी येतेस, इथवर येऊन थांबते. काम नीट झाले की पडद्यावर काहीच दिसत नाही, पूर्वी होते तसेच सगळे चालू राहते. तीन रात्रींच्या जागरणाचे फळ म्हणजे काहीही न घडणे. कारकुनाच्या हातात निदान निकाली काढलेली फाईल असे.

वाङ्मयात वाट अगदीच नाही असे नव्हे. नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर १९६३ साली खानदेशातून पुण्याला आला, वसतिगृहात राहिला, परीक्षेत आपटला आणि गावी परतला. त्याची चीड आम्हांला समजली, कारण त्याची हार उघड होती. भाच्याची अवस्था अधिक अवघड आहे : तो पास झाला आहे. परतण्याला त्याच्यापाशी कारणच नाही. त्याच्या जवळ जाणारा माणूस मला आमच्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांच्या नाटकात भेटतो. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या 'वाडा चिरेबंदी'त तात्याजींच्या मृत्यूनंतर सुधीर मुंबईहून वाड्यात येतो. तेराव्याच्या खर्चाची बोलणी निघतात. वाड्याला वाटते, मुंबईकराकडे पैसा आहे. आपल्याकडे काय आहे ते सुधीरलाच ठाऊक, आणि ते तो नीट सांगू शकत नाही. एलकुंचवारांनी त्याला ना खलनायक केले ना हुतात्मा. सुधीर मुंबईत नक्की कसा जगतो हे मात्र वाड्याने विचारले नाही, आणि नाटकालाही त्या चौकशीत रस नाही. नाटक वाड्याचे आहे, ते ठीकच. पण सुधीरच्या बाजूचे नाटक चाळीस वर्षे झाली तरी कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

ते बहुधा या पोरांपैकीच कोणी लिहील. गेल्या दिवाळीत मी भाच्याला म्हटले, तूच का लिहीत नाहीस? तो म्हणाला, "मामा, मला फक्त बग लिहिता येतात." त्यांच्यात दोष कळवण्याची एक रीत आहे : कोणत्या पायऱ्यांनी गेले की तो घडतो, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले. विशेषण लावायचे नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. पुण्याला परत गेल्यावर त्याने मला अशी एक टिपणी पाठवली. त्याच्या परवानगीने इथे देतो :

"पायऱ्या : शुक्रवारी रात्री वाकडहून बस पकडा. सकाळी नागपूरला उतरा. आजीच्या पलंगापाशी बसा. अपेक्षित : आजीशी बोलणे. प्रत्यक्षात : बसल्या बसल्या झोप लागली. उठलो तेव्हा परतीच्या बसची वेळ. दरवेळी घडते."

पुढचे लिही म्हणून मी त्याला कळवले आहे. उत्तर अजून नाही. सध्या त्यांच्याकडे रिलीज आहे.