वाघिणीची प्रतिकृती : प्रमाण आणि प्रामाण्य

मराठीने इंग्रजीतील 'वॅगन' हा शब्द स्वीकारला तेव्हा त्याची 'वाघीण' झाली. मूळ उच्चार राहिला नाही. लिंग, वचन व विभक्ती मराठीची लागली, आणि शब्द निर्वेधपणे चालू लागला. घरच्या त्रिमितीय मुद्रणयंत्रावर मालगाडीच्या वाघिणीची प्रतिकृती घडविणाऱ्यापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. मुळातील काय राखावयाचे, आणि नव्या ठिकाणी चालावे म्हणून काय सोडावयाचे? ह्या कलेची चर्चा बहुधा यंत्राच्या सूक्ष्मतेभोवती फिरते. वस्तुतः तिचा खरा कस निवडीत आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ओतकामाला हा विचार नवा नाही. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते. म्हणून पॅटर्न करणारा कारागीर आकुंचन धरून आखलेली पट्टी वापरतो आणि पॅटर्न मुद्दाम मोठा करतो. वाळूचा साचा न मोडता पॅटर्न वर निघावा म्हणून तो उभ्या बाजूंना किंचित उतार देतो. अशा रीतीने पॅटर्न हा इच्छित वस्तूशी तंतोतंत जुळत नाही, आणि म्हणूनच वस्तू बरोबर उतरते. पॅटर्न कोणत्या प्रक्रियेतून जाणार आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती अचूक पट्टी असूनही उपयोग नसतो.

हीच कसोटी भारतीय रेल्वेच्या 'बॉक्सएन' वाघिणीला लावून पाहावी. तिच्या नावातील चार रोमन अक्षरे म्हणजे चार लक्षणे होत : बोगी, उघडी, उंच बाजूंची, हवेच्या ब्रेकची. भाषेत जसे काही उच्चारभेद अर्थ बदलतात आणि काही बदलत नाहीत, तसेच येथेही आहे. उंच बाजू, त्यांवरील उभ्या पट्ट्या, उघडे तोंड आणि बोगीची घडण ही भेदक लक्षणे गेली, तर वाघीण ओळखू येत नाही. एखादा बोल्ट गेला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. छायाचित्रात दिसते ते सर्व आराखड्यात भरण्याची हौस म्हणूनच दोषास्पद ठरते. केसाएवढे बारीक दांडे छापताना मोडतात, आणि त्यांच्या नादात बाजूची पट्टी वाकडी राहून जाते.

१:८७ ह्या प्रमाणात १०.७१३ मीटर लांबीची ही वाघीण १२३ मिलिमीटरची होते. मुळातील पत्रा ६ मिलिमीटर जाड मानला, तर प्रतिकृतीत तो ०.०७ मिलिमीटर व्हावयास हवा. घरगुती फिलामेंट-यंत्राचे तोंडच सामान्यतः ०.४ मिलिमीटरचे असते. रेझिनची भिंत एवढी पातळ केल्यास ती छापताना फाटेल किंवा नंतर प्रकाशात कडक होताना वाकेल. जाणता कारागीर भिंत जाडच ठेवतो आणि केवळ वरची कड आतून तासून पातळ करतो. डोळा जाडी कडेवरून अजमावतो. त्यामुळे पत्रा पातळ भासतो. हा भास म्हणजे लबाडी नव्हे. तो पॅटर्नमधील वाढीव मापासारखाच आहे.

वजनाच्या बाबतीत तर निव्वळ प्रमाण उघडच फसते. रिकाम्या बॉक्सएनचे वजन २२.४७ टन, ते ८७ च्या घनाने भागले असता अवघे ३४ ग्रॅम येते. अमेरिकेतील 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन'च्या शिफारशीप्रमाणे, म्हणजे १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस, ते सुमारे ९७ ग्रॅम असावे. एरवी हलका डबा वळणावर रुळावरून घसरतो. उघड्या वाघिणीत हे वजन लपविण्यास जागा थोडी असते. म्हणून कोळशाचा छापील ढीग ही येथे शोभा नसून गरज आहे. त्याच्याखाली शिसे वा लोखंडाची पट्टी बसते.

रुळांचा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर अंतर ह्या प्रमाणात १९.३ मिलिमीटर होते; बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे परदेशी १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचा प्रतिनिधी. स्वतः रुंद रूळ घालणाऱ्याची निष्ठा वंदनीय आहे, पण चाकांपासून सांध्यांपर्यंत सारे त्याला स्वतःच करावे लागते. तयार रुळाचा स्वीकार करणाराही दोषी नव्हे. दोष घडतो तो रुळाशी जुळावे म्हणून वाघिणीचे अंगही ३६.८ वरून ३१.५ मिलिमीटरपर्यंत आवळण्यात. असे करताना एक तडजोड झाकण्यासाठी दुसरी चूक केली जाते, आणि भारतीय वाघिणीचा ऐसपैसपणा हे तिचे पहिले लक्षणच नाहीसे होते.

कोल्हापूरच्या बाबतीत येथे एक विशेष योग आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो मीटरगेज होता. १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. मीटरगेजचे १००० मिलिमीटर १:८७ मध्ये ११.५ होतात, आणि त्यासाठी युरोपात रूढ असलेला १२ मिलिमीटरचा तयार रूळ त्याच्या अगदी निकट येतो. जी गाडी आज येथे धावत नाही, तिचीच प्रतिकृती अधिक सत्य होऊ शकते. ह्या वाघिणींचे तयार नमुने दुर्मिळ असल्याने घरी छापलेली वाघीणच पुढील पिढीला पुरावा वाटण्याचा संभव आहे. म्हणून कोणते माप मूळ आणि कोणते सोयीसाठी बदललेले, ह्याची नोंद आराखड्यासोबत राहणे हे कर्तव्यच ठरते.

पुण्यात भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. तेथे प्रेक्षकाला खिळवून ठेवते ती चालती गाडी. प्रतिकृतीची अंतिम परीक्षा तीच होय. पहिली छपाई मोजावी, वाकलेली बाजू पाहून आधारांची जागा बदलावी, रुळावर चालवून पुन्हा आराखड्याकडे वळावे. ह्या फेऱ्यांत कारागिराचा विवेक प्रकट होतो. यंत्र केवळ सांगितलेले माप पाळते. कोणते माप मोडल्याने वाघीण वाघीणच राहील, हे त्याला सांगावे लागते.