परीक्षकाचा पंक्तिप्रपंच

आमच्या घरी दिवाळीच्या पंगतीत तूप वाढण्याचे काम आजी सहसा कोणाच्या हाती देत नसे. नवख्या वाढप्याचा हात आरंभी सैल सुटतो आणि भांडे तळाला जाऊ लागले की आखडतो. पहिल्या पानावर धार, शेवटल्या पानावर थेंब. त्यात कोणाशी वैर नसते की कोणाची भीड नसते. पण शेवटचा पाहुणा मनात सल घेऊनच उठतो. याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि त्याची गणना पापात करतात. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात निम्मे आयुष्य घालविल्यावर, हे पाप माझ्या हातून घडले आहे, हे सणाच्या दिवशी का होईना, कबूल करून टाकावेसे वाटते.

एका वर्षी आमच्या प्रमुख परीक्षकांनी मजकडे दहा उत्तरपत्रिका धाडल्या. गुणांवर कागद लावून ते झाकले होते. "दुसऱ्या मताची गरज आहे," एवढेच त्यांनी कळविले. मी त्या मन लावून तपासल्या. नंतर कळले, की पंधरा दिवसांपूर्वी त्या तपासणारा पहिला परीक्षकही मीच होतो! एका निबंधाला मी आधी २० पैकी ११ गुण दिले होते. आता ७ दिले. निबंध तोच, शाई तीच, परीक्षकही तोच. फरक एवढाच, की पहिल्या खेपेस तो सकाळी, गठ्ठ्याच्या आरंभी हाती आला होता. दुसऱ्या खेपेस एका अतिशय सुरेख निबंधापाठोपाठ आला. तो मुलगा पहिल्या तपासणीत काठावर पास होता. दुसऱ्या तपासणीत मी त्याला नापास केले होते.

त्या मुलाचे पहिलेच गुण कायम राहिले, म्हणून तो वाचला. पण आधीच्या वर्षांत ज्यांचा निबंध पहिल्याच खेपेस सुरेख निबंधापाठोपाठ आला असेल, त्यांचे काय? त्यांच्या उत्तरपत्रिका मजकडे कोणी परत पाठविल्या नाहीत.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर मी लेखणी खाली ठेवली असती. पण एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ सालीच परीक्षेच्या गुणांत नशिबाचा वाटा किती, याचे गणित मांडले होते. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच शालेय उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविली. तिला शंभरांपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. "भाषेचे हे असेच, गणितात असे व्हायचे नाही," असे म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिथे अंतर आणखी वाढले: २८ पासून नव्वदीच्या पलीकडे! कोणी उत्तर पाहिले, कोणी रीत, कोणी टापटीप. पुढे १९३५ साली इंग्लंडात हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांकडून वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने दोनदा तपासून घेतल्या. २१० निकालांपैकी ९२ निकाल बदलले. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू; परीक्षांचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता.

यावर यंत्राचा उतारा सुचविला जातो. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल काही महिने रखडले आणि त्याच वर्षी कुलगुरूंना पद गमवावे लागले. ही घाईची फळे होत, यंत्राचा त्यात दोष नाही, असे म्हणता येईल. यंत्र बेरीज चुकू देत नाही, नाव झाकते, हेही खरे. पण निबंध ११ गुणांचा की ७ गुणांचा, हे पडद्यापुढे बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

आमचे काही बंधू म्हणतात, "मी सर्वांनाच कमी देतो, म्हणजे अन्याय कोणावरच नाही." हा युक्तिवाद एकच वाढपी असलेल्या पंगतीत चालेल. विद्यापीठाच्या पंगतीत वाढपी शेकडो असतात, आणि कोणाचे पान कोणाच्या वाट्याला जाईल, हे विद्यार्थ्याच्या हाती नसते.

ग्रंथपरीक्षण लिहिणारा टीकाकार आपले नाव घालतो, कारणे देतो, आणि वाचक मूळ पुस्तक वाचून त्याला खोटा पाडू शकतो. परीक्षक हाही टीकाकारच. पण तो निनावी, आणि त्याची टीका म्हणजे एक आकडा. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली हक्क आहे, असा निर्णय दिला, तो मला मोलाचा वाटतो. कोणीतरी आपले वाचणार आहे, हे ठाऊक असले की परीक्षक समासात दोन शब्द कारणाचे लिहितो. आणि कारण लिहिताना त्याचे त्यालाच पुष्कळदा कळते, की कारण नव्हतेच.

बाकीचे उपाय साधे आहेत. कशाला किती गुण, हे गठ्ठा सोडण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे, आणि चार-पाच उत्तरपत्रिका एकत्र बसून तपासून पाहाव्यात. एकेक उत्तरपत्रिका संपविण्याऐवजी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे जावे. काठावरच्या मुलाला दुसरा वाचक मिळावा. यात वेळ जातो आणि परीक्षकाला मोबदला बेताचाच मिळतो, हे मला ठाऊक आहे. पण मुलाचे वर्ष आपल्या तासाभरापेक्षा स्वस्त नाही.

आजी मात्र एवढे काही बोलत नसे. सर्वांना वाढून झाले की भांडे घेऊन ती पुन्हा पहिल्या पानापासून एक फेरी मारी आणि प्रत्येक पानावर वाकून पाही. त्या दहा उत्तरपत्रिकांनंतर मीही गठ्ठा संपला की बांधून टाकीत नाही. पहिल्या दहा पुन्हा उघडतो. बहुतेक वेळा एखाद-दुसरा आकडा खोडावा लागतो.