विणीची पारख आणि दोन चित्रे

खुर्चीच्या बैठकीची वीण ओळखणे हे केवळ कारागिराचे काम नव्हे. चित्ररसिकालाही ती पारख हवी. चौकटीला छिद्रे असून त्यांतून वेताच्या उभ्या, आडव्या व तिरप्या अशा दोन दोन फेऱ्या ओवलेल्या असतील, तर ती अष्टकोनी जाळी हाताची. छिद्रांऐवजी सलग खाच असेल, तर तयार जाळी तीत ठोकून बसविलेली. लव्हाळ्याच्या बैठकीला दोन्ही नसतात. पिळलेला दोर चारी दांड्यांभोवती गुंडाळीत मध्यापर्यंत नेतात.

व्हॅन गॉगने १८८८ साली आर्ल येथे रंगविलेली साधी खुर्ची या तिसऱ्या जातीची. पिकासोच्या १९१२ मधील ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्रा’त मात्र जाळी दिसते, पण ती मेणकापडावर छापलेली! तिला खरा वेत समजणारा प्रेक्षक त्यातील थट्टेलाच मुकतो. पिकासोची चतुराई मान्य करूनही आम्ही व्हॅन गॉगलाच झुकते माप देऊ. कारण त्याच्या चित्रात विणणाऱ्या हाताविषयी आदर आहे. गोव्यातील जुन्या घरांतून वेताच्या खुर्च्या अजून आहेत. त्यांची वीण ओळखणारी दृष्टी आपण गमावली, तर ती थट्टाही कळणार नाही आणि तो आदरही.