समान किल्ली म्हणजे ओळख नव्हे

बिनतारी संवेदक विखुरताना कोण कोणाचा शेजारी होईल, हे आधी ठाऊक नसते. एशेनॉवर व ग्लिगोर यांनी 2002 साली सुचवले: 10,000 गुप्त किल्ल्यांच्या साठ्यातून प्रत्येकाला काही किल्ल्या यदृच्छेने द्याव्यात. केवळ 83 दिल्या, तरी दोघांत एखादी समान निघण्याची शक्यता निम्मी होते! वर्गात 1 ते 100 मधून प्रत्येकी 8 अंक निवडून हे पडताळावे.

युक्ती आम्हांला सुंदर वाटते, पण अपुरीही. तीच किल्ली तिसऱ्याकडेही असू शकते. एक संवेदक शत्रूच्या हाती लागला, की त्याच्या 83 किल्ल्यांवर चाललेली इतरांची संभाषणेही उघडी पडतात; शिवाय बोलणारा नेमका कोण, हे कळतच नाही. चॅन, पेरिग आणि साँग यांनी 2003 साली मांडलेल्या जोडीगणिक स्वतंत्र किल्लीने ही उणीव भरते. मात्र जाळ्याच्या आकाराला मर्यादा येते. गुप्ततेइतकेच ओळखीलाही मोल असते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.