‘गांवगाडा’ व बालाघाटांतील बेचिराग गांव

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. कुणबी, बलुतेदार, अलुतेदार व फिरस्ते यांचें इतक्या जवळून केलेलें वर्णन मराठींत विरळा, हें आरंभींच सांगणें उचित होय. तथापि बीड जिल्ह्याचे जुने कागद लावतांना तोच ग्रंथ कोशासारखा पुढें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं. ग्रंथकार मुंबई इलाख्याच्या मुलकी खात्यांतले. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. शिवाय त्यांचा गाडा कुरकुरत कां होईना, चालता आहे. मोडून पडलेला गाडा हा त्यांचा विषयच नव्हे.

आमचा खरा आक्षेप वाचकांवर आहे. कागदांत ‘मौजे अमुक, बेचिराग’ असें आढळलें कीं गांव शत्रूनें जाळला असें ठरवून मोकळे होतात! लोकांनीं त्या शब्दाचें ‘बेचिराख’ केलें व त्यांत राख शिरली. मूळ फारसींत राख नाहीं. चिराग म्हणजे दिवा. ज्या पांढरींत रात्रीं दिवा लागत नाहीं तो गांव बेचिराग. काळी पडीत असेलच असें नाहीं. शेजारचे कुणबी उपरी म्हणून ती वाहत व सारा भरीत. एका अक्षरापायीं दुष्काळ, रोगराई, वसुलीची सक्ती हीं सर्व कारणें पुसलीं जातात व एकटी फौज उरते. १६३० ते १६३२ च्या दुष्काळांत मोगलांची स्वारीहि चालूं होती, १६३१ त आजमखानानें धारूर घेतलें. तेव्हां फौज निर्दोष असें आमचें म्हणणें नाहीं. पुरावा मात्र पाहिजे.

तो कोठें शोधावा? पांढरीचें टेकाड, खापरें, मारुतीचा ओटा एवढेंच जागेवर उरतें. आणि पांढरीची माती खत म्हणून शेतांत जात असल्यामुळें पुष्कळदां टेकाडहि उरत नाहीं. खरा अवशेष थळझाड्यांत. वंश बुडाला, जमीन गतकूळ झाली, तरी थळ त्याच आडनांवानें ओळखलें जातें; कर्नल साइक्स यांच्याहि हें ध्यानांत आलें होतें. परंतु आमचे संग्राहक शिक्क्याची सनद जपतात आणि त्याच रुमालांतील थळझाडा, लावणीपत्रक, बाकीचा हिशेब रद्दींत घालतात. सनदेनें इनामदार कळतो. नांगर धरणारा कळत नाहीं.

सिंदफणेवरील माजलगांव धरणानें (१९८७) प्रकार उलटा झाला. दिवा नव्या पांढरींत गेला, नांवहि बरोबर गेलें, काळी पाण्याखालीं राहिली. यास जुन्या दप्तरांत शब्द नाहीं. दसऱ्यानंतर ऊसतोडीस निघून जाणाऱ्या गांवांसहि बेचिराग म्हणतां येत नाहीं. तेथें म्हातारीं माणसें दिवा लावतात. बुडीत शिवारांचीं नांवें सांगणारे अद्याप हयात आहेत. सनदांच्या शोधास निघणाऱ्यांनीं आधीं त्यांच्याकडे जावें, व घरांत जुना झाडा असल्यास त्याची नक्कल मागावी.